पुढचे डिस्क पॅड सारखे का संपतात? नवे घेण्याआधी जुने उलटून पाहा

मोटरसायकलच्या पुढच्या चाकाचे पॅड टाकले, दोन-तीन महिने बरे गेले आणि परत डिस्कवर लोखंड घासल्याचा करकर आवाज सुरू. परत नवे पॅड, परत तेच. पाऊस लागला की आमच्या काउंटरवर ही तक्रार रोजची होते. बहुतेकांचं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं: "मागच्या वेळचे पॅड लोकल निघाले भाऊ, आता चांगले द्या."

चांगले द्यायला हरकत नाही. पण कंपनीच्या डब्यातले पॅडही तितक्याच लवकर उडालेले मी पाहिलेत, आणि दुसऱ्या कुणाचे साधे, स्वस्तातले पॅड निवांत दीड-दोन वर्षं चाललेलेही पाहिलेत. पॅड एकदा लवकर संपले तर माल खराब असू शकतो. दर वेळी संपत असतील तर गाडीतच काहीतरी अडकलंय, आणि ते निघेपर्यंत कितीही भारीचे पॅड टाका, पैसे डिस्कवर घासूनच जाणार.

परतवाड्यात (जि. अमरावती) स्पेअर पार्टच्या दुकानात बसलं की तीन तऱ्हेच्या गाड्या समोर येतात. एक मेळघाटच्या डोंगरातून, म्हणजे सेमाडोह, हरिसाल, धारणीकडून उतरणाऱ्या. दुसऱ्या दर्यापूर-अंजनगावकडच्या खारपाणपट्ट्यातल्या. तिसऱ्या अचलपूर-चांदूर बाजारकडच्या, मागे संत्र्याचे क्रेट नाहीतर दुधाचे कॅन बांधलेल्या. मॉडेल एकच, पॅडही एकाच डब्यातले, तरी तिघांचे पॅड वेगवेगळे झिजतात. म्हणून "या गाडीला कोणते पॅड बसतात" एवढं विचारून भागत नाही.

१०० ते १६० सीसीच्या गाडीला पुढचे पॅड साध्या रस्त्यावर १०-१५ हजार किलोमीटर जायला हरकत नसावी. रोजचा घाट आणि रोजचं ओझं असेल तर त्याच्या निम्मे धरा. पाच हजाराच्या आत संपत असतील, आणि असं परत परत होत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

जुने पॅड मागून घ्या

मिस्त्री जुने पॅड काढतो आणि न बघता भंगाराच्या डब्यात टाकतो. ते मागून घ्या. दोन्ही घ्या, आणि कोणता आतला म्हणजे पिस्टनकडचा, कोणता बाहेरचा, हे तिथेच खडूने लिहून घ्या. घरी आणल्यावर मग दोघांतला फरक कळत नाही.

मग दोन्ही शेजारी ठेवून पाहा. मसाला (लोखंडी पाटीवर चिकटवलेला घासणारा भाग) दोघांवर सारखा उरलाय का? एकाच पॅडवर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ आहे का? वरचा भाग काळपट खरखरीत आहे की आरशासारखा चकचकीत झालाय? नखाने खरवडल्यावर तेलकट लागतं का? रेघा पडल्यात का, त्यात खडे रुतलेत का? कोपऱ्याचा मसाला पाटीपासून सुटून तुकडा पडलाय का?

यातला तुकडा पडणं हाच काय तो बहुतेक वेळा मालाचा दोष. तोही नेहमी नाही, पाटीला मागून गंज चढला तरी मसाला उचलला जातो. बाकी सगळं गाडी सांगत असते.

एक जाड, एक पातळ

आमच्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हाच. आतला पॅड पार पाटीपर्यंत गेलेला आणि बाहेरच्यावर निम्मा मसाला शिल्लक.

लहान गाड्यांचं कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी धरून पॅड दाबणारा भाग) बहुतेक एकाच बाजूने दाबणारं असतं. पिस्टन आतल्या बाजूला. तुम्ही लिव्हर दाबली की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर ढकलतो, आणि त्याच्या उलट जोराने कॅलिपरचं अख्खं धूड दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून आणतं. ह्या पिना म्हणजे स्लाइड पिन. त्या मोकळ्या सरकत असतील तर दोन्ही पॅड सारखे काम करतात. त्या जाम झाल्या की सगळी मेहनत आतल्या एकट्यावर येते, आणि लिव्हर सोडल्यावर धूड मागे सरकायलाही मागत नाही. कधी उलटंही होतं, बाहेरचा पॅड आधी संपतो. तेव्हा कॅलिपर पुढे येतं पण परत जात नाही असं समजा. दोष पिनांचाच.

पिना जाम का होतात? पिनेवरचा रबरी बूट (टोपी) फाटतो, नाहीतर आतलं ग्रीस वाळतं. आमच्या काळ्या मातीची खोड माहीत आहेच. पांदण रस्त्याने वावरात गाडी नेली की चाक आणि मडगार्डच्या मधे चिखल गच्च बसतो, तोच कॅलिपरवर थापला जातो. ओला असतो तोवर काही वाटत नाही. वाळल्यावर तो बुटाच्या कडेला सिमेंटसारखा धरतो आणि बूट ओढला जाऊन पिनेवरून सुटतो. पुढच्या पावसाचं पाणी थेट आत.

खारपाणपट्ट्यात याच्यावर आणखी एक भर. बोअरचं पाणी खारं, गाडी त्याच पाण्याने धुतात आणि उन्हात सोडून देतात. पाणी उडतं, मीठ राहतं. दर्यापूरकडच्या गाडीच्या पिना काढल्या की तांबूस पापुद्रे निघतात. त्या भागातल्या माणसाला मी पॅडच्या आधी पिन-बूट किट दाखवतो. काहींना राग येतो. त्यांना वाटतं, दुकानदार वरचा माल गळ्यात मारतोय.

हे तपासायला फार हत्यारं लागत नाहीत. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून ते डिस्कवरून उतरवा. ते होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लटकू देऊ नका, तारेने फोर्कला बांधून ठेवा. आता पिनांवर सरकणारं ब्रॅकेट हाताने आत-बाहेर सरकवून पाहा. बोटाच्या जोराने गुळगुळीत सरकलं पाहिजे. पेचकस घालून उचकटावं लागत असेल तर तुमच्या पॅडचा चोर सापडला. पिन काढा, जुनं ग्रीस फडक्याने पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. खड्डे पडले असतील तर पिन बदला. भोकही आतून साफ करा, त्यात वाळलेल्या ग्रीसचा चिकटा असतो.

आता कोणतं ग्रीस लावायचं? तक्रार परत परत येण्याचं खरं कारण इथे आहे. गावातले बरेच मिस्त्री बेअरिंगचं साधं ग्रीस लावतात, काही तर इंजिनचं जळकं ऑइल. पेट्रोलियमच्या ग्रीसने कॅलिपरचं रबर फुगतं. फुगलेला बूट पिन आवळतो आणि दोन महिन्यांत पिन होती तशी जाम. म्हणजे दुरुस्ती झाली, पैसे गेले, आणि दुरुस्तीनेच पुढची तक्रार तयार केली. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लागतं. छोट्या पाकिटात मिळतं, नखावर मावेल एवढं एका पिनेला पुरतं. जास्त भरलं तर आत हवा दबून पिन बाहेर ढकलली जाते, तेही बरं नाही.

तिरपा झिजलेला पॅड

पॅडचं एक टोक पातळ, दुसरं जाड. थोडा उतार चालतो, डोळ्यांना सहज दिसेल इतका असला तर पॅड कॅलिपरमध्ये सरळ बसत नाहीये. पॅड ज्या पिनेवर लटकतो तिच्यावर खाच पडली आहे का पाहा. पॅड त्या खाचेत अडकतो.

आणि क्लिप पाहा. कॅलिपरच्या आत पातळ पत्र्याची एक वाकडी क्लिप असते, पॅडला एका बाजूला दाबून धरणारी. बसवताना ती निसटते, उलटी लागते, मिस्त्रीच्या बोटाला टोचते. मग तो ती बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "हिचं काही काम नाही." काम आहे. ती नसली की खडीच्या रस्त्यावर पॅड आत खडखडतो, तिरपा बसतो, आणि हलका ब्रेक मारताना ची-ची आवाज करतो. नवे पॅड टाकूनही पहिल्याच दिवसापासून आवाज येत असेल तर आधी ही क्लिप जागेवर आहे का ते विचारा.

दोन्ही सारखेच संपले, पण फार लवकर

"मी तं ब्रेकच मारत नाही जी, काऊन संपतात बाप्पा?" असं विचारणाऱ्यांची गाडी बहुतेक या प्रकारातली. ब्रेक तुम्ही मारत नाही, पण तो लागलेलाच राहतो.

गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक वर येईल असं मागे कुणाला तरी बसवा, आणि चाक हाताने फिरवा. पॅडचा बारीक सर्र आवाज येणं चालतं. चाक दोन-तीन फेऱ्या सहज फिरलं पाहिजे. लिव्हर एकदा जोरात दाबून सोडा आणि परत फिरवा. आता अडत असेल तर ब्रेक सुटत नाहीये. रस्त्यावरची खूण वेगळी: ब्रेक न मारता आठ-दहा किलोमीटर आल्यावरही डिस्कजवळ हात नेला की झळ लागते. डिस्कला बोट लावू नका, भाजतं.

अडकलंय कुठे, हे शोधायची एक सोपी युक्ती आहे. चाक अडलेलं असताना कॅलिपरवरचा एअर (ऑइलमधली हवा) काढायचा निप्पल किंचित सैल करा. आधी त्याला पारदर्शक नळी लावून बाटलीत सोडा, ब्रेक ऑइल रंग खातं आणि डोळ्यात गेलं तर वाईट. निप्पल उघडताच ऑइलची चिळकांडी आली आणि चाक मोकळं झालं, तर दाब वर अडकला होता. म्हणजे दोष मास्टर सिलिंडरमध्ये (हँडलवरचा, लिव्हरने ऑइलला दाब देणारा भाग), लिव्हरमध्ये किंवा होजमध्ये. निप्पल उघडूनही चाक तसंच घट्ट, तर दोष खाली, पिस्टन किंवा पिनांमध्ये. पाहून झालं की निप्पल बंद करा, ऑइलची पातळी आणि लिव्हरचा कडकपणा तपासा, मगच गाडी हलवा.

खालचा दोष असेल तर पिस्टन. पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीचं रबरी सील ब्रेक मारताना थोडं पिळलं जातं, आणि लिव्हर सोडली की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. बस, तेवढंच. पिस्टनवर गंज किंवा चिखलाचा थर असला की तेवढीही ताकद पुरत नाही.

वरचा दोष असेल तर मी आधी दोन गोष्टी विचारतो. "लिव्हर बदलली होती का?" गाडी पडते, लिव्हर तुटते, बाजारात मिळेल ती लावली जाते. तिचा नाकाडा जरासा लांब असला तरी तो मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला थोडासा कायम दाबून ठेवतो. मग ऑइल हँडलवरच्या छोट्या टाकीत परत जाण्याचं बारीक भोक उघडत नाही. ब्रेक गरम होतो, ऑइल फुगतं, जायला वाट नाही, ब्रेक आणखी धरतो. लिव्हरला किंचित मोकळी हालचाल असलीच पाहिजे.

दुसरा प्रश्न: "मधे ऑइल टाकलं होतं का?" पॅड झिजतात तसा पिस्टन पुढे येतो आणि टाकीतलं ऑइल खाली जातं. हे होणारच. पण कुणीतरी काच पाहून ऑइल कमी आहे म्हणतो आणि टाकी काठोकाठ भरतो. मग नवे जाड पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की ऑइलला जागाच उरत नाही. काही ठिकाणी ते बाहेर सांडतं, काही ठिकाणी झाकण घट्ट लावून गाडी दिली जाते. आमच्याकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, अशी गाडी उन्हात उभी असली तरी ब्रेक जड लागतो. म्हणून नवे पॅड टाकायच्या आधी टाकीचं झाकण काढून पातळी पाहा. जास्त असेल तर काढून घ्या.

चकचकीत, तेलकट, रेघाळलेला

रेघा आणि रुतलेले खडे म्हणजे चिखलातली गाडी, त्यात नवल नाही. उपाय एवढाच की पावसाळ्यात वावरातून आल्यावर चिखल ओला असतानाच कॅलिपरवर साध्या पाण्याची बादली ओता. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा थेट पिनांच्या बुटावर धरू देऊ नका.

वॉशिंगवाल्यांची दुसरी सवय जास्त महागात पडते. इंजिन आणि चेनचं ऑइल निघावं म्हणून ते आधी डिझेल फवारतात. ते डिस्कवर आणि पॅडवर बसतं, पॅड ते पितो. धुवून घरी आल्यावर ब्रेक धरत नाही, मग माणूस लिव्हर जास्त दाबतो, पॅड तापून वरचा थर काचेसारखा होतो. गाडी धुवायला दिली की सांगा, चाकांवर डिझेल नको. मागे डिस्क असेल तर चेनला स्प्रे मारतानाही डिस्क फडक्याने झाका.

पुढचा पॅड तेलकट असेल आणि गाडी कुठे धुतलेली नसेल तर फोर्कवर बोट फिरवा. फोर्कचं सील गळत असेल तर ऑइल ओघळून कॅलिपरवर येतं. तेव्हा आधी सील, मग पॅड.

तेल प्यायलेले पॅड आगीवर धरून किंवा पेट्रोलने धुवून वापरायची रीत आहे. मला ती पटत नाही. वरचं तेल जातं, आत मुरलेलं पहिल्या गरम ब्रेकला परत वर येतं. नुसते चकचकीत झालेले, कोरडे पॅड मात्र सपाट जागेवर पॉलिश पेपर ठेवून हलके घासले तर चालतात. घासताना निघणारी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असायचं आणि नजरेने ते ओळखू येत नाही.

मागचा ब्रेक ढिला असेल तर

पुष्कळ गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम. मागचा लायनर झिजला, रॉडचा नट कुणी आवळला नाही, पायाचा ब्रेक खालपर्यंत जातो. मागे युरियाची ४५ किलोची गोणी आणि तिच्यावर माणूस, आणि थांबवायची सगळी जबाबदारी पुढच्या दोन पॅडवर. अशा गाडीला वर्षातून दोनदा पॅड विकण्यापेक्षा मी मागचा नट आवळायला सांगतो.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी रचना) किंवा एबीएस (ब्रेकला चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्यावरच्यांना एबीएस बंधनकारक झालं. सीबीएसच्या गाडीत पाय दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. पाय ब्रेकच्या पॅडलवर ठेवून चालवायची सवय असेल तर अशा गाडीचा पुढचा पॅडही पायाने झिजतो. "मी तं ब्रेकच मारत नाही" म्हणणाऱ्यांचे पायातले बूट पाहा.

मग पॅड कोणते घ्यायचे

वरचं सगळं पाहून झालं असेल तरच हा प्रश्न.

पॅड मोटामोटी तीन प्रकारचे. ऑरगॅनिक म्हणजे तंतू आणि रेझीन दाबून केलेले: मऊ, आवाज कमी, डिस्कला सांभाळून घेणारे, पण ओले झाले की आणि फार तापले की पकड कमी, झीज जास्त. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचे तंतू मिसळलेले, मधला मार्ग. सिंटर्ड म्हणजे धातूची पूड तापवून दाबलेली, चिखलपाण्यात आणि घाटात उत्तम, टिकाऊही, पण डिस्कवर कठोर.

घाटातून येणारे पोरं सिंटर्डच मागतात, कारण यूट्यूबवर पाहिलेलं असतं. भारी गाड्यांना कंपनीच ते देते, त्यांची डिस्क त्या हिशोबाने असते. लहान गाडीच्या डिस्कवर ते चढवले तर पॅड वाचतात आणि डिस्क जाते. डिस्क पॅडपेक्षा कितीतरी महाग. म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं नसेल तर मी लहान गाडीला सिंटर्ड देत नाही. सपाटीवर चालणाऱ्याला कंपनीचा मूळ प्रकार पुरेसा. मेळघाटात रोज चढउतार करणाऱ्याला, किंवा रोज दुधाचे कॅन नेणाऱ्याला, चांगल्या मेकचे सेमी-मेटॅलिक देतो.

चिखलदरा १,१०० मीटरच्या वर आहे. तिथून परतवाड्याला उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ब्रेकवर आणणारे रोज दिसतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, नाहीतर कोणताही पॅड हार मानेल. आणि तिथे एकटा पॅडच मरत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश, ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो असं मानकच सांगतं. उतारावर ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि लिव्हर ग्रिपला टेकते. दोन वर्षांनी ऑइल बदला, टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं तेच घाला. डॉट ५ वेगळं, सिलिकॉनचं, ते यात मिसळत नाही.

काही पॅडच्या पाटीवर किंवा कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात: एफएफ, जीएफ, जीजी, एचएच अशी. ती घर्षणाची प्रतवारी. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५, एच त्याच्यावर. पहिलं अक्षर साध्या तापमानाचं, दुसरं खूप तापल्यावरचं. घाटवाल्याने दुसरं अक्षर पाहावं. ते पहिल्यापेक्षा खाली घसरलेलं असेल तर उतारावर पकड सुटणार. पॅड किती टिकेल हे मात्र ही अक्षरं सांगत नाहीत. एचएच म्हणजे जास्त दिवस चालणारा, असा समज काउंटरवर रोज ऐकतो.

माप जुळवताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या गाडीत साल बदललं, सीबीएस आलं, एबीएस आलं, की कॅलिपर बदलू शकतं. जुना पॅड नव्यावर ठेवून बाहेरचा आकार, कानाची जागा, भोकाचं अंतर आणि पाटीची जाडी पाहा. पाटी जाड असेल तर कॅलिपर बसत नाही, आणि मिस्त्री कानस घेऊन मसाला उतरवायला बसतो. असा पॅड परत करा.

नकली माल ओळखायची खात्रीची खूण कुणाकडे नाही. डब्यावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, बॅच, एमआरपी आहे का पाहा, पाटीवरचा नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळतो का पाहा, मसाल्याच्या कडा भुरभुरत नाहीत ना ते नखाने पाहा. आणि बिल घ्या. बिल न देणाऱ्या दुकानातून ब्रेकचं सामान घेऊ नये असं माझं मत आहे, मग तो ओळखीचा का असेना.

बसवताना

पिस्टन मागे ढकलायच्या आधी तो पुसा. चिखलासकट ढकलला तर घाण सीलवर जाते, आणि मग तेच अडकणं. पॅड बाहेर असताना लिव्हर चुकूनही दाबू नका, पिस्टन बाहेर पडतो. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. कडेला ओठ तयार झाला असेल आणि मधली जाडी त्याच्या खाली गेली असेल तर नवे पॅड टाकून उपयोग नाही. नव्या पॅडला सपाट डिस्क मिळत नाही, तो फक्त उंचवट्यांवर घासतो.

सगळं आवळल्यावर लिव्हर कडक होईपर्यंत उभ्या गाडीवर पंप करा. हे न करता गाडी काढली तर पहिला ब्रेक लागतच नाही, आणि आमच्या दुकानासमोर चौक आहे.

पहिले २००-३०० किलोमीटर पॅड डिस्कवर बसायचे असतात. मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगावरून मध्यम जोराने १० पर्यंत आणा, सोडा, थोडं चालवा, परत आणा. असं काही वेळा. पूर्ण थांबून लिव्हर दाबून ठेवू नका. नवे पॅड टाकून त्याच दिवशी ओझं लादून घाट उतरला की वरचा थर जळून चकचकीत होतो, आणि माणूस आठवड्यात परत येऊन म्हणतो, "हेबी लोकल निघाले."

पॅड अर्ध्यावर आले की एकदा टॉर्च मारून पाहायची सवय ठेवा. मसाल्यात मधे एक खाच असते, ती दिसेनाशी झाली की बदला. खाच नसेल तर मसाला दीड मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. करकर ऐकू यायला लागली म्हणजे पाटी डिस्कला लागलीच, तेव्हा फक्त पॅडवर भागत नाही.

दुकानात येताना दोन्ही जुने पॅड, क्लिप असेल तर क्लिप, कॅलिपरचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि गाडीचं साल एवढं आणा. निप्पलचं डोकं गोल झालं असेल तर घरी पकडीने झटापट करू नका, तो तुटून आत राहिला की कॅलिपरच बदलावं लागतं. एबीएसच्या गाडीचा एअर काढायचा असेल तर ज्याच्याकडे त्या गाडीचं स्कॅनर आहे त्याच्याकडेच जा.